पिल्लाची आई दाखवा

१. प्रश्न

कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये वांगणीनंतर शेलू येतं, त्यापुढे नेरळ. एके काळी या पट्ट्यात रुळांच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं दिसायची. आज त्याच खाचरांच्या कडेला नव्या इमारतींची संकुलं उभी आहेत. मुंबई-ठाण्यात वर्षानुवर्षं भाड्याने राहिलेली कितीतरी कुटुंबं इथे पहिल्यांदा स्वतःच्या घरात आली. घरमालकाची परवानगी मागायची उरली नाही, की मुलं हट्ट धरतात: आता तरी कुत्रा आणूया. आणि आईवडील विचारात पडतात. ब्रीडरकडून पिल्लू विकत घ्यायचं, की एखाद्या प्राणिसंस्थेतून दत्तक आणायचं?

या प्रश्नावर लोक तावातावाने बोलतात. "विकत घेतलेल्या कुत्र्याची जात माहीत असते, स्वभाव माहीत असतो, रस्त्यावरच्याचा काय भरवसा?" असं एक जण म्हणतो. "एवढी पिल्लं रस्त्यावर मरत असताना पैसे मोजून जात कशाला आणायची?" असं दुसरा. दोघांच्या बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे. पण मला कुत्र्याच्या मागच्या पत्त्यापेक्षा तो देणारा माणूस कसा आहे, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. कुत्रा तुमच्या हाती दिला की आपली जबाबदारी संपली, असं तो मानतो का? हा एक प्रश्न विचारला की चांगला ब्रीडर आणि चांगली संस्था एका बाजूला येतात, आणि पिल्लांचा व्यापारी व निष्काळजी संस्था दुसऱ्या बाजूला जातात. तो फरक कसा ओळखायचा, हे आता पायरीपायरीने पाहू.

२. जात म्हणजे नेमकं काय

कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्रातून 'कर्जत-३' सारखे वाण शेतकऱ्यांपर्यंत गेले. अशा वाणाचं बी पेरलं की रोप किती वाढणार, दाणा कसा भरणार, कापणी कधी येणार, हे आधीच सांगता येतं. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यातलं वैविध्य काढून टाकलेलं असतं, म्हणून. कुत्र्याची जातही अशीच निवड करत घडवलेली असते. लॅब्राडॉरचं पिल्लू मोठेपणी केवढं होणार, त्याचे केस कसे असणार, हे पिल्लू न पाहताही सांगता येईल. गावठी कुत्रा म्हणजे घरचं बियाणं. प्रत्येक रोप थोडं वेगळं, पण इथला पाऊस, इथला उन्हाळा, इथले रोग सोसून टिकलेलं.

स्वभावापाशी आलं की मात्र भाताचा दाखला अपुरा पडतो. जातीवरून स्वभाव कळतो, हा समज फार पक्का आहे. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून त्यांनी कुत्र्यांच्या वागण्याची माहिती घेतली आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा जनुकीय आराखडा तपासला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी अवघा ९ टक्के जातीने ठरतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे साधारण अकरावा हिस्सा. उरलेला भाग त्या-त्या कुत्र्याच्या स्वतःच्या आईबापांकडून, लहानपणी त्याला मिळालेल्या वागणुकीतून आणि त्याच्या वयातून येतो. 'लॅब म्हणजे मुलांशी प्रेमळच' असं धरून चालणाऱ्या घराने हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

शरीर मात्र जात बरंचसं ठरवते आणि शेलूत तेच निर्णायक ठरू शकतं. एप्रिल-मेमध्ये कर्जत परिसरात पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडा-नाकातल्या ओलाव्याची वाफ होऊन त्याचं शरीर थंड होतं. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची श्वासाची वाटच आखूड आणि अडलेली असते, त्यामुळे ही सोय त्यांच्यात मुळातच तोकडी. हस्कीच्या अंगावर बर्फाळ मुलखासाठी दोन थरांची केसाळ शाल असते. अशा कुत्र्याला पत्र्याखाली किंवा पश्चिमेचं ऊन घेणाऱ्या वन बीएचकेत ठेवणं हा त्याचा छळ आहे, मग तो कितीही चांगल्या ब्रीडरकडून आणलेला असो. दिसायला आवडला म्हणून इथल्या हवेत हस्की आणू नका, हे मी अगदी हात जोडून सांगेन.

३. ब्रीडर आणि पिल्लाची आई

भारतात कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ पासून केंद्र सरकारचे नियम आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली ते काढले गेले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि नोंदणीचा दाखला दर्शनी भागात लावलेला असला पाहिजे. मादी १८ महिन्यांची होईपर्यंत तिच्यापासून पैदास करायची नाही, ८ वर्षांनंतरही नाही, आणि आयुष्यभरात तिला ५ पेक्षा जास्त वेतं होऊ द्यायची नाहीत. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. कोणी दाखला दाखवायला टाळाटाळ केली, तर तिथून निघावं.

दाखला मात्र पुरेसा नसतो. खरी परीक्षा साध्या हिशेबाने होते. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते. सांभाळून पैदास करणारा माणूस वर्षात तिचं एकच वेत घेतो. विकायला काढलेली पिल्लं ८ ते १२ आठवड्यांची असतात असं धरलं, तर एका मादीची पिल्लं वर्षातून फक्त एक महिना उपलब्ध असतील. आता एखादा विक्रेता फोनवर सांगतो, "लॅब, पग, शित्झू, हस्की, कधीही या, पिल्लू मिळेल." एका जातीची पिल्लं बारा महिने हाताशी हवीत तर त्या जातीच्या निदान १२ माद्या हव्यात. चार जाती म्हणजे ४८ माद्या, वर नर वेगळे. या ४८ माद्या कुठे आहेत? एक तर त्या कुठल्या तरी अंधाऱ्या शेडमध्ये पिंजऱ्यांत वेतामागून वेत देत आहेत, नाहीतर हा माणूस मुळी ब्रीडरच नाही, कुठून कुठून पिल्लं गोळा करून विकणारा दलाल आहे. म्हणून पहिलं वाक्य हेच असावं: पिल्लाची आई दाखवा. आई जिथे राहते तिथे दाखवा, पिल्लांसोबत दाखवा. "आई गावाला आहे", "आत्ता भेटवता येणार नाही, ती अंगावर येते", "मी पिल्लू स्टेशनवर आणून देतो" यातलं काहीही ऐकू आलं की व्यवहार तिथेच थांबवा. आई माणसांना घाबरणारी किंवा चावरी असेल तर तेही कळायलाच हवं, कारण पिल्लं तिच्याच सहवासात वाढलेली असतात.

यापुढची गोष्ट थोडी अवघड आहे, पण समजून घेण्याजोगी. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. काही आजार असे असतात की दोन्ही प्रती सदोष असल्या तरच आजार होतो. एकच प्रत सदोष असली तर कुत्रा वरून निरोगी दिसतो, पण दोष पुढच्या पिढीला देऊ शकतो. अशाला वाहक म्हणतात. लॅब्राडॉरमध्ये डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करत आंधळं करणारा एक आजार असाच येतो.

समजा, एक देखणा नर अशा दोषाचा वाहक आहे. त्याच्या लेकीला ती सदोष प्रत मिळण्याची शक्यता २ पैकी १. व्यापाऱ्याकडे दुसरा नर नाही, म्हणून तो याच नराचा आणि लेकीचा संयोग घडवतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक पिल्लाला दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता ४ पैकी १. दोन्ही शक्यतांचा गुणाकार केला की ८ पैकी १ येतो. आता त्याच नराला बाहेरच्या, नात्यात नसलेल्या मादीशी जुळवलं, आणि त्या जातीत असे वाहक १०० त १ असतात असं धरलं, तर शक्यता १०० पैकी १ गुणिले ४ पैकी १, म्हणजे ४०० पैकी १. एकाच निर्णयाने पिल्लाचा धोका पन्नास पट वाढला. पिल्लू दोन महिन्यांचं असताना हे कुठेच दिसत नाही. तीन-चार वर्षांनी कुत्रा संध्याकाळच्या अंधूक उजेडात भिंतीला धडकायला लागतो, तेव्हा कळतं.

म्हणून ब्रीडरला विचारायचं ते आईबापांच्या नात्याबद्दल आणि तपासण्यांबद्दल. जर्मन शेफर्ड, लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातींत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष पिढीजात आढळतो. त्यासाठी आईबापांच्या खुब्यांचा एक्स-रे वाढ पूर्ण झाल्यावर काढतात. "आमच्या कुत्र्यांना कधी काही झालं नाही" या उत्तराला एक्स-रेचा पर्याय मानू नका.

इथेच 'पेपरवाल्या' कुत्र्याचा गैरसमज दूर करायला हवा. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंद झालेल्या कुत्र्याला कागद मिळतो. तो वंशावळीची नोंद असतो, आरोग्याचं प्रमाणपत्र नसतो. वंशावळीत तीन-चार पिढ्यांची नावं असतात आणि त्यात एकच नाव दोन्ही बाजूंना पुन्हापुन्हा दिसलं तर वर केलेला हिशेब आठवा. कागदाचा खरा उपयोग हा आहे.

चांगला ब्रीडर तुमचीच उलटतपासणी घेतो, त्याचा राग मानू नये. घरात कोण दिवसभर असतं, लहान मुलं किती वर्षांची, घर कितव्या मजल्यावर, गावाला जाताना कुत्रा कुठे ठेवणार, आधी कधी पाळलाय का? जो पैसे मिळाले की काहीच विचारत नाही, त्याला त्या पिल्लाचं पुढे काय होतं याच्याशी देणंघेणं नसतं.

४. आपल्या मातीतली एक जात

शुद्ध जातीचा कुत्रा हवाच असेल, तर परदेशी नावांकडे वळण्याआधी मराठी मुलखाने जपलेली एक जात पाहावी. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि सीमेपलीकडच्या बागलकोट भागात लांब पायांचा, अरुंद छातीचा शिकारी कुत्रा पाळला जातो. महाराष्ट्रात त्याला कारवानी म्हणतात, कर्नाटकात मुधोळ. पायांवर आणि कानांवर लांब रेशमी केस असलेल्याला पश्मी म्हणतात. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली. ९ जानेवारी २००५ ला टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळचं होतं.

हा कुत्रा नजरेने शिकार हेरणारा आणि वाऱ्याच्या वेगाने धावणारा. इथली उष्णता त्याला सोसते, केसांची निगा फारशी नाही. पण त्याला रोज मोकळं धावायला मिळालं पाहिजे. वाटेत मांजर किंवा कोंबडी दिसली तर त्याला थांबवणं कठीण. अनोळखी माणसाने अंगाशी केलेलं त्याला रुचत नाही. शेलू-नेरळच्या आसपास ज्यांची कुंपणाची वाडी आहे आणि रोज धावायला नेणारं कोणी घरात आहे, त्यांनी सांगली-सोलापूरकडच्या एखाद्या जुन्या पाळणाऱ्याकडे जाऊन, आईबाप पाहून हा कुत्रा आणणं मला योग्य वाटतं. चौथ्या मजल्यावरच्या वन बीएचकेसाठी मात्र नाही. देशी जातीची हौस चांगली, पण हौस होती म्हणून आणलेला शिकारी कुत्रा बाल्कनीत बांधून ठेवणं वाईट.

५. संस्था म्हणजे काय, आणि तिथे कोणते कुत्रे असतात

मुंबईत भटक्या कुत्र्यांचा प्रश्न नवा नाही. १८३२ च्या जूनमध्ये सरकारने मोकाट कुत्रे मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहराचे व्यवहार बंद पडले. १८७४ मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध काम करणारी बॉम्बे एसपीसीए स्थापन झाली. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय तिचंच. १९८५ मध्ये वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज ही संस्था आली, आणि कुत्रे मारण्याऐवजी नसबंदी व लसीकरण हा मार्ग शहराने पुढच्या दशकात स्वीकारला. पुण्यात २००७ पासून रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट काम करतो. मुंबईची वर्ल्ड फॉर ऑल दत्तक-मेळे भरवते.

इंग्रजी सिनेमांत दिसतं तसं, ओळीने पिंजरे आणि त्यातून आवडेल तो कुत्रा निवडायचा, असं चित्र इथे फारसं जुळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक संस्था मुळात जखमी प्राण्यांची रुग्णालयं किंवा नसबंदी केंद्रं आहेत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लस झालेला रस्त्यावरचा कुत्रा पुन्हा त्याच जागी सोडायचा असतो. कानाला छोटी खाच असलेला कुत्रा दिसला, तर तो नसबंदी झालेला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस आगारं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतले कुत्रे पकडून परत तिथे न सोडता निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला. त्यामुळे निवाऱ्यांवरचा भार वाढणार हे उघड आहे, आणि दत्तक घेणाऱ्या प्रत्येक घराची गरजही.

मग दत्तक द्यायला असतात कोण? आईविना राहिलेली पिल्लं, उपचारानंतर बरे झालेले पण रस्त्यावर टिकू न शकणारे कुत्रे, मालकाचं निधन झालं किंवा घर बदललं म्हणून आलेले पाळीव कुत्रे. आणि हौस फिटल्यावर सोडून दिलेल्या जातिवंत कुत्र्यांची संख्याही थोडी नाही. ज्यांना लॅबच हवा आहे त्यांनी पिल्लू बुक करण्याआधी संस्थांकडे एकदा विचारून पाहावं.

रस्त्यावरच्या पिल्लांचं काय होतं, हे पश्चिम बंगालमध्ये काम करणाऱ्या आयसर कोलकात्याच्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ९५ वेतांमधली ३६४ पिल्लं होती. सात महिन्यांच्या वयापर्यंत त्यातली फक्त १९ टक्के जगली, आणि बऱ्याच मृत्यूंना माणूसच कारण होता: वाहनं, मारहाण, विष, पळवून नेणं. हा आकडा वाचल्यावर गावठी पिल्लू घरात घेण्याला मी निव्वळ भूतदया म्हणणार नाही. ते थेट एक जीव वाचवणं आहे.

तरी संस्था म्हटली की सगळं आपोआप चांगलं, असंही धरू नये. एका जागी खूप कुत्रे कोंबलेले असले की पार्व्हो, डिस्टेंपर, खरूज पसरते. नवीन आलेल्या कुत्र्याला काही दिवस वेगळं ठेवतात का, हे विचारा. तिथला वास, पाण्याची भांडी, कुत्र्यांची अंगकाठी स्वतः पाहा. "हा कधी चावलाय का? मुलं जवळ आली तर काय करतो? एकटा राहिला तर? खाताना कोणी हात लावला तर?" हे थेट विचारा. चांगली संस्था वाईट उत्तरही लपवत नाही. सगळ्याच कुत्र्यांना 'फार गोड, सगळ्यांशी पटतं' म्हणणारी संस्था एक तर कुत्र्यांना ओळखत नाही किंवा तिला जागा रिकामी करायची घाई आहे. कोणाच्या तरी घरी तात्पुरता सांभाळलेला, ज्याला संस्थेचे लोक फॉस्टरमधला म्हणतात, तो कुत्रा मिळाला तर फार बरं. लिफ्ट, कुकरची शिट्टी, पाहुणे, लहान मूल या सगळ्यासमोर तो कसा वागतो, हे सांभाळणाऱ्याला ठाऊक असतं.

६. शेलूतल्या घराचा हिशेब

आता नेमकं घर समोर ठेवू. नवरा-बायको दोघंही नोकरीला, एकाला सहाची लोकल पकडायची, शेलूहून मुंबई गाठायला दीड-पावणेदोन तास. मुलं शाळा आणि क्लासमध्ये. आजी वर्षातले सहा महिने इथे, सहा महिने गावी.

पिल्लाला लघवी किती वेळ आवरते याचा एक ढोबळ ठोकताळा पाळणाऱ्यांमध्ये आहे: वयाचे महिने अधिक एक, तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. वरच्या घरात दिवसाचे निदान आठ तास कोणीच नसतं. त्या पिल्लाला घाणीत बसायची सवय लागणार, एकटेपणाने ते भुंकणार, शेजारी तक्रार करणार, आणि काही महिन्यांतच 'कोणाला तरी देऊन टाकू' ही चर्चा सुरू होणार. ब्रीडर उत्तम असला तरी हे टळत नाही. अशा घरासाठी मी दोन ते चार वर्षांचा, फॉस्टरमध्ये राहिलेला, नसबंदी झालेला गावठी कुत्रा सुचवेन. त्याची उंची वाढून झालेली असते, स्वभाव दिसलेला असतो, सकाळ-संध्याकाळ बाहेर नेलं की दिवसभर तो बहुतेक वेळ झोपून काढतो. 'लहानपणापासून वाढवला तरच लळा लागतो' हा समज मोठा कुत्रा घरी आणलेल्या कितीतरी घरांत खोटा ठरला आहे.

आजी बारा महिने घरात असेल, किंवा कोणी घरून काम करत असेल, तर पिल्लाचा विचार करायला हरकत नाही.

एक तिसरी वाटही आहे. संकुलाच्या गेटपाशी राहणारा, वॉचमनच्या पायाशी झोपणारा, तुमच्या मुलांना ओळखणारा कुत्रा. त्याचा स्वभाव तुम्ही आधीच वर्षभर पाहिलेला आहे. त्याची लस, नसबंदी करून त्याला घरात घेणं हे मला अनेक घरांसाठी सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. मात्र खाली मोकळं हिंडायची सवय असलेल्याला घरात रुळायला वेळ द्यावा लागतो. आणि आईचं दूध पिणारं इवलं पिल्लू गोड दिसलं म्हणून उचलून आणू नये. आठ आठवडे त्याला आईजवळ आणि भावंडांजवळ राहू द्यावं. चावा किती जोरात घेतला की दुसऱ्याला दुखतं, हे ते भावंडांशी खेळताना शिकतं.

सोसायटीचा प्रश्न हमखास येतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. त्याच वेळी पट्टा लावणं, घाण उचलणं, लसीकरण ही मालकाची जबाबदारी आहे. शेजाऱ्यांशी भांडायला नियम हाताशी असला, तरी आधी त्यांना कुत्रा भेटवा.

पावसाळा शेलूत जोरदार. साचलेलं पाणी, भातशेतीतले उंदीर, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा धोका. त्याची लस कुत्र्याला मिळते, ती डॉक्टरांना विचारून द्यावी. गवतातून गोचीड अंगावर येतात आणि त्यांच्यामुळे येणारा ताप कुत्र्याचं रक्त झपाट्याने कमी करतो. रोज कानांमागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवून पाहायचं. डोंगराच्या पायथ्याला, बिबट्याचा वावर असलेल्या भागात घर असेल तर कुत्रा रात्री घरातच झोपला पाहिजे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्यातला मोठा वाटा कुत्र्यांचा होता. राखणीसाठी म्हणून अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा तर पळूही शकत नाही.

७. लस आणि ते नाजूक आठवडे

पिल्लू ब्रीडरचं असो वा संस्थेचं, त्याला एकाच लसीच्या तीन-तीन मात्रा का देतात? जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईच्या चिकातून पिल्लाला रोगांशी लढणारी प्रथिनं मिळतात. ही उसनी ताकद पुढच्या काही आठवड्यांत ओसरत जाते, पण प्रत्येक पिल्लात ती वेगळ्या वेळी संपते. ती असेपर्यंत लसही निकामी ठरते, कारण आईची प्रथिनं लसीतल्या जंतूलाच नष्ट करतात. कोणत्या पिल्लात ती कधी संपली हे बाहेरून दिसत नाही, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी मात्रा देत राहायची. 'एक इंजेक्शन झालंय, काळजी नको' असं म्हणणारा विक्रेता तुम्हाला अर्धी गोष्ट सांगत असतो. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे मात्रा पूर्ण होईपर्यंत पिल्लाला सोसायटीच्या मैदानात खाली सोडू नये.

मग त्याला जगाची ओळख कशी होणार? साधारण तीन ते चौदा आठवडे हा पिल्लाचा शिकण्याचा काळ. या वयात जे दिसलं, ऐकलं ते त्याला पुढे नेहमीचं वाटतं. उपाय सोपा आहे: कडेवर घेऊन फिरवा. लोकलचा आवाज, रिक्षा, छत्री, रेनकोट घातलेली माणसं, शाळेची पोरं, सगळं उचललेल्या अवस्थेत दाखवता येतं.

रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास, मग डॉक्टर सांगतील तशी, आणि पुढे दर वर्षी. कोणताही कुत्रा चावला किंवा ओरखडला, अगदी घरचा लस झालेला असला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. दंडाच्या स्नायूत देण्याच्या इंजेक्शनचं वेळापत्रक ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवसाचं असतं. जखमेतून रक्त आलं असेल तर सोबत जखमेत देण्याचं वेगळं औषध लागतं. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय नाही, म्हणून मध्येच मात्रा सोडायची नाही. हा रोग आटोक्यात आणता येतो, हे शेजारच्या गोव्याने दाखवून दिलं. मिशन रेबीज या संस्थेने २०१३ पासून तिथे गावोगावी कुत्र्यांना लसी दिल्या, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं.

८. परत घ्याल का?

शेवटचा प्रश्न देणाऱ्याला विचारायचा आणि उत्तर लेखी घ्यायचं: उद्या काही कारणाने आम्हाला हा कुत्रा सांभाळता आला नाही, तर तुम्ही परत घ्याल का? नोकरी जाते, कोणी आजारी पडतं, बदली होते. जबाबदार ब्रीडर म्हणतो, "केव्हाही आणा, दुसऱ्या कोणाला देऊ नका." संस्थेच्या दत्तक करारात हेच कलम असतं, सोबत नसबंदीचं वचन आणि घरी येऊन पाहण्याची परवानगीही. अशा करारावर सही करताना काही लोकांना अपमान वाटतो. मला तर त्या सहीने उलट धीर येतो, कारण त्या कुत्र्याच्या मागे घराबाहेरचंही कोणीतरी उभं आहे, असा तिचा अर्थ.

उत्तर 'हो' असेल तर पावती, लसीचं पुस्तक, मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक, आणि ब्रीडरकडून घेत असाल तर आईबापांच्या तपासण्यांच्या प्रती हातात घ्या. सध्या जे खातो तेच अन्न निदान आठवडाभराचं सोबत मागा, कारण घर आणि खाणं एकाच दिवशी बदललं की पोट बिघडतं. घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांत आपल्या ओळखीच्या पशुवैद्याला दाखवा. आणि ज्याच्याकडून आणला त्याचा फोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा, महिन्याने त्याला कुत्र्याचा एक फोटो पाठवा. उत्तर आलं, "कान साफ करताय ना?" असं विचारलं, तर तुम्ही योग्य ठिकाणाहून कुत्रा आणला आहे.